पाव इंची लाईन

आमच्या घरमालकांना मी दोन वर्षांत एकदाही खुर्चीला पाठ टेकवून बसलेलं पाहिलं नाही. खुर्ची होती. चांगली वेताची, लेकीने घेऊन दिलेली. तिच्यावर ते वर्तमानपत्र ठेवत, ओला टॉवेल टाकत, कुणी आलं की "बसा, बसा" म्हणून तिच्याकडे बोट दाखवत. स्वतः मात्र कडेला जेमतेम टेकायचे आणि पाच मिनिटांत उठून कुठल्यातरी नळाला, कडीला, बटणाला हात लावून यायचे. हात कशावर तरी असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चहा पितानासुद्धा डावा हात भिंतीवरून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपावर असायचा. पाइप थरथरला की म्हणायचे, "आलं." मग पंधरा-वीस सेकंदांनी मोरीतला नळ खोकायला लागायचा.

ते चावीवाले होते. मुंबईत पाणी आपोआप येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, येत नाही. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, त्यांच्या खाली खड्ड्यात व्हॉल्व्ह असतो. ठरल्या वेळी एक माणूस छातीएवढी लांब लोखंडी चावी घेऊन येतो, ती खाली घालून आटे फिरवतो, तेव्हा तुमच्या वस्तीत पाणी सुरू होतं. काकांनी हे काम चौतीस वर्षं केलं, सगळं मुलुंडमध्ये. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या अंगाला कुणी कळवली नव्हती. आमच्या गल्लीचं पाणी साडेपाचला, डोंगराकडच्या वस्तीचं सातला, शाळेमागचं साडेनऊला. त्या त्या वेळी ते उठून फाटकाबाहेरच्या झाकणापाशी जाऊन उभे राहायचे. नवा चावीवाला दोन मिनिटं उशिरा आला तर त्याची खैर नसे. "या राजे. डोंगरावरची माणसं काय आज दव चाटणार का?"

तो बिचारा हसून घ्यायचा. जाताना "जय भीम, काका" म्हणायचा, तेव्हा काकांचा राग उतरायचा आणि ते त्याला चहाला बोलवायचे. चहा होईपर्यंत स्वतःच दोनदा बाहेर जाऊन झाकण नीट बसलंय का ते बघून यायचे.

खोली दाखवतानाच त्यांनी मला अटी सांगितल्या होत्या. खोली वरची, बाहेरून लोखंडी जिना. "कुत्रा नको. मांजर नको. पोपट तर नकोच नको. नळ उघडा टाकून जायचं नाही. आणि दुसरी किल्ली माझ्याकडं राहील."

"दुसरी किल्ली कशाला?"

"लाईन फुटली तर तुम्ही घाटकोपरच्या कामावरनं येईपर्यंत मी काय खिडकीतनं बघत बसू?"

मला घाईने खोली हवी होती, मी मान डोलावली. लग्न मोडून बाहेर पडले होते. संध्याकाळी परत आल्यावर "कुठे होतीस" असं कुणी विचारू नये आणि तरी खोलीत कुणीतरी असावं, एवढीच माझी मागणी होती. कुत्रा, मांजर, पोपट गेले. साप नको असं मात्र काका म्हणाले नव्हते.

देशी साप पाळला तर वनखातं उचलून नेतं आणि बरोबरच करतं. माझा परदेशी होता, बिनविषारी, कॉर्न स्नेक नावाचा, रीतसर नोंदणीचा कागद असलेला. नारिंगी अंग, त्यावर लाल ठिपक्यांची रांग, जाडी पेन्सिलीएवढी. वजन नऊ ग्रॅम. महिन्याभराचं पिल्लू ते. त्याची हवेची भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पेटी मी कपाटाच्या बाजूला ठेवली आणि अकरा दिवस काकांपासून लपवली. बाराव्या दिवशी ते नळाचा वायसर बदलायला वर आले. हात पुसता पुसता त्यांची नजर पेटीकडे गेली आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"कागद आहे?" त्यांनी विचारलं.

मी कागद दाखवला. त्यांनी तो पाठपोट वाचला, इंग्रजीसकट.

"मग हा भाडेकरूचा भाडेकरू. काय नाव?"

नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी एक डोळा बारीक करून त्याची जाडी मापली. "पाव इंची," म्हणाले, आणि तेच नाव राहिलं.

सापांना ते भीत नसत त्याला कारण होतं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गारवा असतो. झाकण उचललं की आत कधी दिवड बसलेली असायची, कधी डोंगरावरून उतरलेली धामण. बरोबरचे लोक पळायचे. काका कडेला बसून सांगायचे, "साहेब आत बसलेत, जरा थांबा," आणि चावीच्या दांड्यावर तिला अलगद घेऊन झुडपात सोडायचे. हे "जरा थांबा" किती वेळ टिकायचं ते मला पुढे कळलं.

पाव इंचीचं जेवण म्हणजे एक-दोन दिवसांची उंदराची पिल्लं, गोठवलेली. चेंबूरला एक बाई पुरवायच्या. मी ती आइसक्रीमच्या डब्यात ठेवायची आणि डब्यावर 'औषध' असं लिहायची, कारण माझा फ्रीज बिघडला की काकांचा वापरावा लागे. काकांनी 'औषध' खोडून त्यावर 'पाव इंचीचा डबा' असं लिहिलं. आठवड्याला एक पिल्लू, कोमट पाण्यात ठेवून मऊ केलेलं. पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. मग माझी बुद्धी फिरली. डब्यात एक पिल्लू जरा मोठं होतं. म्हटलं, वाढत्या अंगाचा आहे, खाऊ दे पोटभर. आपल्याकडे ताटात लहान तुकडा वाढायला हात धजत नाही. त्याने ते मोठ्या कष्टाने गिळलं आणि तिसऱ्या दिवशी ओकून टाकलं.

मी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या पोटातून काय बाहेर पडतं ते दिवसभर काचेखाली बघायचं हा माझा धंदा. कसल्याच वासाचं मला काही वाटत नाही. पण त्या अर्धवट पचलेल्या गोळ्याच्या वासाने मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. पाव इंची कोपऱ्यात चपटा होऊन पडला होता. मला वाटलं, पोट रिकामं झालं, जीव कसा राहील? दोन दिवसांनी मी त्याला पुन्हा खायला घातलं. तेही दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. काट्यावर ठेवला तर साडेसात ग्रॅम.

चेंबूरला अशा प्राण्यांची एक डॉक्टर होती. रिक्षाने निघालो. काका न बोलावता बरोबर बसले आणि मुलुंडची हद्द संपेपर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला रस्त्यातली सतरा झाकणं दाखवली, कुठलं कोणाचं पाणी सोडतं त्याच्यासह. रिक्षावाला बनारसकडचा होता, तो प्रत्येक झाकणाला "अच्छा" म्हणत होता. मांडीवरच्या पिशवीत माझा साप मरतोय की जगतोय ते मला कळत नव्हतं आणि ह्या दोघांचं हे चाललं होतं.

डॉक्टर तरुण होती, फटकळ होती. "कोणी सांगितलं लगेच परत भरवायला?"

"त्याचं पोट रिकामं होतं."

"ते रिकामंच ठेवायचं होतं. सापाची उलटी म्हणजे आपल्यासारखी नाही. पोटातलं आम्ल जातं, आतून सोलवटतं. चौदा दिवस फक्त पाणी. मग अगदी एवढंसं खाणं. खाल्ल्यावर उचलायचं नाही, हात लावायचा नाही, सारखं झाकण उघडून बघायचं नाही. तो घाबरला तरी ओकतो. आणखी एकदा ओकला तर ह्या वजनाला कठीण आहे. आणि वजनही रोज करायचं नाही, कळलं ना?"

परतीच्या रिक्षात काका खुशीत होते. "बाई बरोबर बोलली. कोरडी लाईन अशीच भरतात."

"म्हणजे?"

"दोन दिवस बंद असलेली लाईन एकदम सोडायची नसते, ताई. आत हवा असते. मागनं पाणी रेटतं आणि सांधा फुटतो. आधी पाव आटा. मग थांबायचं. हवा सुई सुई करत निघते, ती ऐकायची. मग अर्धा. मग एक. एका नव्या माणसानं सगळे आटे एका दमात सोडले होते एकदा. रस्ता उखडला. गाढव होता."

ते "गाढव होता" त्यांनी इतक्या तिरस्काराने म्हटलं, की त्या नव्या माणसाला मुलुंडात पुन्हा कुणी उभं केलं नसणार असं मला वाटलं.

चौदा दिवस आम्ही काढले. काकांनी त्यांच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. पंधराव्या दिवशी मी डब्यातलं सगळ्यात लहान पिल्लू निवडलं, त्याचा निम्माच भाग चिमट्यात धरला. पाव इंचीने तो घेतला. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते, आत येत नव्हते, तिथूनच कुजबुजत होते, "गिळला? गेला आत? कुठवर गेला?" तो दिवस गुरुवारचा होता. शुक्रवार चांगला गेला, शनिवार चांगला गेला. रविवारी माझी सकाळची पाळी असायची. दुपारी परत आले, किल्ली फिरवली आणि दार उघडायच्या आधीच तो वास आला.

तिसऱ्यांदा पुसताना मी रडले नाही, चिडलेही नाही. हात यंत्रासारखे चालत होते. मग पेटीचं पांढरं झाकण उचलून बाजूला ठेवायला गेले, तर त्याच्या कडेवर एक काळपट अंगठा उमटलेला. ग्रीसचा.

काकांनी स्वतःसाठी लोहाराकडून एक चावी घडवून घेतली होती, नोकरीतली परत करावी लागली म्हणून. ती दाराच्या मागे उभी असायची. दर रविवारी सकाळी तिला ग्रीस लावायचे, कुठलाही व्हॉल्व्ह तिची वाट बघत नसताना.

मी झाकण हातात घेऊनच खाली गेले. ते फाटकापाशी होते.

"तुम्ही पेटी उघडलीत?"

त्यांनी झाकणाकडे बघितलं. खोटं बोलायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "तीनदा," म्हणाले.

"तीनदा?"

"शुक्रवारी एकदा, शनिवारी एकदा. नुसता बघितला. आज उचलला. अंगठा लावून बघत होतो, गोळा पुढं सरकला का. पाइपाला लावतो तसा."

"डॉक्टर काय बोलली होती? तुमच्या समोर बोलली होती ना? तुम्ही मला शिकवत होता, पाव आटा नि अर्धा आटा. तुम्ही मारलंत त्याला, काका."

गल्लीतल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. माझा आवाज चढला की खाली यायला वेळ लागतो, ह्याच गुणावर माझं लग्न मोडलं असं काही लोकांचं मत आहे. काका मान खाली घालून उभे होते. हात कशावरच नव्हता. मला वाटलं ते आता माफी मागतील, म्हणजे मला आणखी ओरडता येईल.

"वाट बघवत नाही, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी मला आत नेलं, त्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभे राहून सांगितलं. गाव बीडकडचं. विहीर होती, पण ह्यांच्या घरातल्यांनी तिच्या पायरीला पाय लावायचा नाही. वडील घागर घेऊन लांब उभे राहायचे, कुणी येईल आणि वरून ओतेल म्हणून. सकाळी गेलं तरी कधी कधी दुपार व्हायची. पाच-सहा वर्षांचे काका बाजूला.

"बाप बोलायचा नाही काही. नुसता उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. मला तेव्हापासनं कुठं काही थांबलेलं दिसलं की हात जातो. चावीवाला झालो तेव्हा मला वाटलं, आता आपल्या हद्दीत कोणाला उभं राहू द्यायचं नाही." त्यांनी दारामागच्या चावीकडे बघितलं. "तो नवा माणूस मीच. पहिलं वर्ष होतं. दोन दिवस पाणी नव्हतं, बाया हंडे घेऊन उभ्या. मला ते बघवलं नाही. सोडले सगळे आटे. सांधा फुटला. आणखी दोन दिवस त्या तशाच उभ्या राहिल्या, माझ्यामुळं."

मला त्यांची दया आली आणि राग मात्र तसाच राहिला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मी तेव्हा शिकले. मी वर गेले आणि डॉक्टरला फोन लावला. पाव इंची जिवंत होता. सहा ग्रॅम.

"पुन्हा चौदा दिवस," डॉक्टर म्हणाली. "मग ह्या वेळच्या निम्मं द्या. आता चूक झाली तर मला फोन करून उपयोग नाही."

संध्याकाळी काका जिना चढून आले. हातात पिशवी होती, इस्त्रीचे दोन शर्ट वर दिसत होते. माझ्या खोलीची दुसरी किल्ली त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"लेकीकडं जातो. दिंडोशीला. इथं राहिलो तर किल्ली नसली तरी जिना चढीन."

दिंडोशीला ते वर्षभरात गेले नव्हते. लेक एकुलती एक. आई लवकर गेली, तेव्हापासून तिला काकांनीच वाढवलं. तीच महिन्यातून एकदा डबा घेऊन यायची आणि दर खेपेला दोघांचं वाजायचं. मीच तिच्या तोंडून ऐकलं होतं, "पप्पा घरी आले की तपासणी पथक आल्यासारखं वाटतं." गॅस बंद आहे का, टाकी भरली का, कडी लागते का. शिट्टी व्हायच्या आत कुकर उघडायला गेले होते. तिची मुलगी तान्ही असताना, श्वास चाललाय का बघायला तिला दर तासाला हलवून उठवायचे. शेवटी लेकीने हात जोडले. म्हणाली, पप्पा, मी बोलवेन तेव्हाच या. आणि मग वर्ष गेलं, तिने बोलावलं नाही. काका ह्या विषयावर बोलत नसत.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "मी बोलतोय. चौदा दिवस येऊ का?" तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "काही झालं नाही. येऊ का? कशाला हात नाही लावणार." फोन त्यांनी दुसऱ्या कानाला लावला. मग ते "बरं" म्हणाले आणि जिना उतरले.

ते चौदा दिवस मला कुणी परत दिले तर मी घेणार नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं. काका गेल्यावर कळलं, की माझाही हात तसाच आहे. सकाळी उठले की पेटीकडे. दात घासताना पेटीकडे. जिवंत आहे का, हलतोय का, पाणी प्याला का. शेवटी मी पेटीभोवती जुनी चादर गुंडाळली, फक्त पाण्याची वाटी बदलण्यापुरती एक बाजू मोकळी ठेवली. मग मी खोलीतली दुसरी कामं काढली. कपाट तीनदा लावलं. कामावर एका नमुन्यावर दोनदा चिठ्ठी चिकटवली आणि बोलणी खाल्ली. एकदा चहा घेताना लक्षात आलं, की माझा डावा हात भिंतीवरच्या पाइपावर आहे.

काकांचा रोज सकाळी सातला फोन यायचा. "डोंगराकडं पाणी आलं का?"

"आलं."

"बरं." आणि फोन बंद. सापाचं नाव नाही. पहिल्या दिवशी मला राग आला, माणसाने निदान विचारावं. चौथ्या दिवशी कळलं, की न विचारण्यासाठीच ते फोन करत होते.

सहाव्या दिवशी लेकीचा फोन आला. आवाज दबलेला, बहुतेक गॅलरीतून बोलत होती.

"ताई, पप्पांना काय झालंय? तुम्हाला काही बोलले का?"

"का गं?"

"अहो, नुसते बसून असतात. आमच्या बेसिनचा नळ टपकतोय तीन दिवस. आधीचे पप्पा असते ना, चपला काढायच्या आधी पाना मागितला असता. आता त्याच्याकडे बघतात आणि हात मांडीखाली घेऊन बसतात. काल पोरगी झोपली होती, दारात उभे राहिले, बघितलं आणि मागे फिरले. मला भीती वाटते यार. डॉक्टरला दाखवू का?"

"नको दाखवूस," मी म्हटलं. "त्यांचा उपास चाललाय."

मग मी तिला सगळं सांगितलं. सापाच्या भागाला ती हसली. विहिरीचं तिला माहीत नव्हतं. वडिलांनी तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. "मला वाटायचं त्यांचा माझ्यावर विश्वास नाही," ती म्हणाली. मी तिला बेसिनच्या नळाला वायसर कुठल्या मापाचा लागेल ते सांगितलं.

पंधराव्या दिवशी मी नखाएवढा तुकडा कापला, बशीत ठेवून आत सरकवला, चादर खाली सोडली आणि सरळ कामाला निघून गेले. घरी थांबले असते तर बघितलं असतं. परत आले तेव्हा बशी रिकामी होती. मग पाच दिवस. प्रत्येक दिवशी दार उघडताना मी आधी नाक आत घालायची. काहीच वास नाही. चौदा दिवस कधीच संपले होते, काका मात्र आले नाहीत. सातचा फोन तेवढा यायचा.

सहाव्या दिवशी पाण्याची वाटी बदलताना पेटीतल्या कागदावर काहीतरी दिसलं. बडीशेपेच्या दाण्याएवढं, तपकिरी, बाजूला पांढरा ठिपका. आयुष्यात असले हजारो नमुने मी तपासलेत, नावासह आणि वयासह. एकालाही बघून डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या कागदाकडे बघत मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि चांगली हुंदके देऊन रडले. पाव इंची आडोशातून अर्धा बाहेर आला होता आणि जीभ काढून माझी चौकशी करत होता.

सात वाजायची वाट न बघता मी फोन लावला. "काका, लाईन पुढून मोकळी झाली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "किती?"

"बडीशेपेएवढं."

"रंग?"

"चांगला."

"फोटो पाठवू नका," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती खोली सोडून आता मला दीड वर्ष झालं. पाव इंची हाताच्या अंगठ्याएवढा जाड झालाय, माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत पुरतो आणि उंदीर पचवून वर आणखी मागतो. काका महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात. माझं काम, माझी तब्येत, नव्या जागेचं पाणी किती वाजता येतं, सगळं विचारून होतं. शेवटी, फोन ठेवता ठेवता, "किती इंची?" मी म्हणते, "एक." ते "बरं" म्हणतात. त्याला त्यांनी पुन्हा कधी पाहिलेलं नाही.

पाहता आलं असतं. ते दिंडोशीहून परत आले तो रविवार होता. मी सकाळच्या पाळीवरून आले होते, दार उघडंच होतं. जिन्यावर पावलं वाजली आणि काका वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले. कट्ट्यावर दुसरी किल्ली तशीच पडली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. दोन्ही हात पाठीमागे होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. पेटी त्यांच्यापासून चार पावलांवर होती आणि चादर मी कालच काढली होती.

"या ना," मी म्हटलं. "आता चालेल. डॉक्टर पण हो म्हणाली."

"नको."

"काका, लांबून बघा. मीच सांगतेय."

"बघितला की हात जातो. तुमचा तुम्ही बघा."

मी आग्रह केला नाही. चहा टाकला. कप त्यांना हातात द्यायला गेले तेव्हा त्यांनी मनगट सोडलं, तिथे बोटं उमटली होती. चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला, दाराच्या बाहेरच. आत काहीतरी सळसळलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम गल्लीकडे तोंड केलं.

"निघताना लेक खाली सोडायला आली होती," ते गल्लीकडे बघतच म्हणाले. "म्हणाली, पप्पा, पुढल्या रविवारी येताय ना?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. येतो म्हटलं." त्यांनी रिकामा कप माझ्या हातात दिला आणि हात पुन्हा पाठीमागे घेतले. "मी नव्हतं हो विचारलं. तिनं विचारलं. मी नुसता थांबलो होतो."